दुपारी दोन वाजता घरात कोण असतं?

कुत्रा घ्यायचाय असं कुणीही म्हटलं की कंपाउंडरांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "दुपारी दोन वाजता घरात कोण असतं?" फ्लॅट केवढा, पिल्लू हवं की मोठा, नर की मादी, यातलं ते आधी काहीच विचारायचे नाहीत. समोरचा माणूस मोबाइलमधले गुबगुबीत पिल्लांचे फोटो दाखवायला उतावीळ झालेला असायचा आणि कंपाउंडर चष्मा कपाळावर चढवून, त्या फोटोंकडे ढुंकूनही न बघता एवढंच विचारायचे. निम्मी माणसं तिथेच गडबडायची. "तसं कोणी नसतं मामा, पण सातपर्यंत आम्ही दोघं येतो ना." "मग सातपर्यंत त्याने काय करायचं? तुमच्या लग्नाचा अल्बम बघायचा?" असं म्हणून ते पुन्हा औषधाच्या पुड्या बांधायला लागायचे. माणूस मोबाइल खिशात घालून निघून जायचा.

जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे प्राण्यांचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, सदा आतल्या खोलीत टाके घालण्यात गुंतलेल्या. त्यामुळे बाहेरच्या दोन बाकांवर राज्य कंपाउंडरांचं. तोंडावर सगळे त्यांना मामा म्हणायचे, पाठीमागे कंपाउंडर. खरं नाव मला ते गेल्यानंतर कळलं. उंच, काटकुळे, वेंगुर्ल्याकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हे विशीत या दवाखान्यात फरशी पुसायला लागले आणि तिथेच कंपाउंडर झाले. धुऊन धुऊन विटलेला निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर, आणि अंगाला फिनाइल, टिंक्चर आणि खोबरेल तेल यांचा मिळून एक वास. पिसाळल्यासारखा भुंकणारा जर्मन शेफर्ड चौघांना आवरत नसला की ते त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि हळूच विचारायचे, "काय रे, काय झाला?" तो गप्प व्हायचा. मला वाटतं, त्या कुत्र्यांना आयुष्यात तोवर कुणी असं विचारलेलंच नसायचं.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची माणसं त्यांच्याकडे कुठली जात घ्यावी हे विचारायला यायची. इंटरनेटवर सगळं वाचून यायची आणि वर कंपाउंडरांशी वाद घालायची. पवईच्या एका जोडप्याला हस्की हवा होता. "आमच्याकडे चोवीस तास एसी असतो," असं ते अभिमानाने म्हणाले. कंपाउंडर म्हणाले, "मे महिन्यात लाइट गेली की तुम्ही कपडे काढून बसाल. तो काय काढणार?" अंधेरीचा एक गाळेवाला रॉटवायलर मागायला आला, राखणीला. त्याचं सगळं बोलणं ऐकून घेऊन ते म्हणाले, "शेठ, तुम्हाला कुत्रा नकोय, कॅमेरा हवाय. कॅमेऱ्याला एकटं वाटत नाही." शित्झू मागणाऱ्या बाईंना त्यांनी त्याच्या डोळ्यांवरचे केस रोज कसे विंचरायचे ते एका म्हाताऱ्या पेशंटवर करून दाखवलं आणि म्हणाले, "हे रोज. तापात पण, पाहुणे असताना पण." बाई म्हणाल्या, विचार करते. "तेच करा," ते म्हणाले.

एवढं करूनही कुणी टिकलाच तर ते त्याच्या घरी जायचे. जातीचं ते कुत्रा बघून ठरवत नसत, घर बघून ठरवत. लिफ्ट किती वेळा बंद पडते ते वॉचमनला विचारायचे. लादी निसरडी आहे का ते चप्पल काढून पायाने बघायचे. भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो का ते बघायचे, कारण इकडून टीव्ही ऐकू येतो म्हणजे तिकडून भुंकणं ऐकू जाणार. मग एक कप चहा, आणि उठताना एक वाक्य. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात एका आजोबांना डॅशहंड हवा होता. कंपाउंडर म्हणाले, "त्या लांब पाठीला तुमचे जिने सोसायचे नाहीत." महिन्याभराने त्यांनीच आजोबांना रस्त्यावरची एक काळी कुत्री नेऊन दिली. ती आजोबांच्या आधी जिना चढून वर वाट बघत उभी राहते, असं आजोबा दवाखान्यात येऊन सगळ्यांना सांगत.

घर बदलणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र त्यांचा कायदा होता आणि त्यात कुणालाही सूट नव्हती. जुन्या मालकाने नव्या घरी जाऊन शेवटचं जेवण स्वतःच्या हाताने भरवायचं. अंगातला, न धुतलेला एक कपडा तिथे ठेवायचा. निघताना वळून बघायचं नाही. मग चाळीस दिवस यायचं नाही, फोनवरून आवाजसुद्धा ऐकवायचा नाही. नव्या घरच्यांनीही त्या माणसाला भेटायचं नाही, कारण वास कपड्यांवर बसून घरी येतो. "कपड्यातला वास हळूहळू जातो, तसं जुनं माणूस हळूहळू जातं," ते सांगायचे. "ते ज्याच्या त्याच्या वेगाने जाऊ द्यायचं. मध्ये हात घातलात की परत पहिल्या दिवसावर."

अंधेरीच्या एक बाई परदेशी जायला निघाल्या होत्या. त्यांनी आपला पॉमेरेनियन मुलुंडच्या एका घरी दिला आणि नवव्या दिवशी ओढणीने तोंड झाकून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. नुसतं बघायला. कुत्र्याने त्यानंतर चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. बाई दवाखान्यात येऊन रडल्या तेव्हा मी तिथेच होते. कंपाउंडरांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमची ओढ भागली बाई. त्याचे मात्र नऊ दिवस वाया गेले." मला तेव्हा हा माणूस फार कठोर वाटला होता.

मी तिथे का होते तेही सांगायला हवं. आदल्या वर्षी माझे बाबा गेले होते. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते, एका सकाळी कामावरच छातीत दुखलं आणि संपलं. मी पवईला एका कंपनीत काम करते आणि काहीही अंगावर आलं की मी ते निस्तरायला घेते, असा माझा स्वभाव आहे. तेराव्याच्या आत मी कागदपत्रं केली, औषधांचे डबे टाकले, बाबांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून एका आश्रमात देऊन टाकले. नातेवाईक म्हणाले, पोरगी मुलासारखी उभी राहिली. आई काहीच म्हणाली नाही. आणि त्यानंतरही ती काही म्हणेचना. विचारलं तर उत्तर द्यायची, हाक मारली तर यायची, एवढंच. वर्षभर हे बघून मी ठरवलं की आईला कुत्रा आणायचा.

सहा आठवडे मी सगळ्या जातींची तुलना केली. लॅब्राडोर, बीगल, पग, गोल्डन, शित्झू, पॉम. आयुष्य, केस गळणं, भुंकणं, उकाडा सोसणं, आजार, व्यायाम, माणसाळूपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण. बीगल पहिला आला. तो तक्ता रंगीत प्रिंट काढून मी कंपाउंडरांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चार माणसं खोळंबली तरी वाचला.

"झकास केलायस. यात तुझी आई कुठल्या रकान्यात आहे?"

मला राग आला. त्यांचा तो प्रश्न मला माहीत होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. म्हटलं, "दुपारी दोन वाजता घरी आई असते मामा. रोज."

"आणि दोन वाजता आई काय करते?"

मला माहीत नव्हतं. दोन वाजता मी पवईला असायचे.

"मंगळवारी येतो," ते म्हणाले. "दोनला."

त्या मंगळवारी मी अर्धा दिवस रजा टाकून घरी थांबले. ते आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाची खुर्ची दाराकडे वळवून बसली होती. शनिवार-रविवारी मी घरात असताना मी ती कधी तशी वळवलेली पाहिली नव्हती. बाबा साकीनाक्याहून स्कूटरने दोन वाजता जेवायला घरी येत, हे मी विसरूनच गेले होते. कंपाउंडरांनी खुर्ची पाहिली, दार पाहिलं. लादी बघितली, भिंतीला कान लावला. चहा घेताना ते खिडकीकडे बघून म्हणाले, "वैनी, हयसर वारो बरो येता." आईने मान वर केली. "तुमी खंयचे?" वर्षभरात तिने आपणहून कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न. मग त्यांचं वेंगुर्ला आणि आईचं कुडाळ यांच्यात कुणाचे मासे चांगले यावर दोघं अर्धा तास बोलत बसले आणि मी माझा तक्ता हातात धरून उभी.

खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "पिल्लू नको गो. पिल्लू म्हणजे परत तान्हं मूल. आईला आता कुणाचं करायचं नाहीये, तिला कुणीतरी शेजारी बसायला हवंय." दवाखान्यात एक लॅब्राडोर होती. एका ब्रीडरने पाच वेळा पिल्लं काढून घेतली आणि नंतर तपासणीला म्हणून आणून तिथेच सोडली. सात वर्षांची. तिला नावसुद्धा नव्हतं. आल्या दिवसापासून शहाण्या बाईसारखी कोपऱ्यात बसून असायची म्हणून कंपाउंडर तिला मावशी म्हणायला लागले होते. "मावशीला ने," ते म्हणाले. "तिलाही कुणाचं करायचं नाहीये आता."

मी नाही म्हटलं. लॅब्राडोर जगून जगून किती, बारा वर्षं. सात गेली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मला आमच्या घरात एवढ्यात आणखी एक मरण नकोय." ते म्हणाले, "बरं." आणि रिक्षात बसले.

बोरिवलीहून मी बीगल आणला. बिट्टू. तक्त्यात लिहिलं होतं तसाच होता तो, खेळकर, माणसाळू, निरोगी. पहिल्याच आठवड्यात त्याने तो तक्ताही फाडून खाल्ला. नाकाला वास लागला की त्याला जगाचं भान राहायचं नाही आणि एकटा पडला की तो असा गळा काढायचा की सोसायटीच्या ग्रुपवर रोज आमच्या नावाने मेसेज. आई दिवसभर त्याच्यामागे फडकं घेऊन. मी म्हणायचे, बघ, घर कसं भरलं. चौथ्या महिन्यात एकदा लिफ्ट बंद होती, आई त्याला जिन्याने खाली नेत होती, आणि खालच्या मजल्यावर कोळीण पाटी घेऊन आली. बिट्टूने हिसका दिला. आई तीन पायऱ्या खाली पडली. मनगट मोडलं.

कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी आले. मी ओरडा खायला तयार होते, तो मिळाला नाही. मुलुंडला रोज पहाटे धावायला जाणारे तीन भाऊ असलेलं एक घर त्यांनी शोधून ठेवलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. त्यांनी मला कायदा पाळायला लावला. मी बिट्टूला हाताने भरवलं, माझा टीशर्ट ठेवला आणि न वळता निघाले. परतीच्या रिक्षात मी हमसून रडत होते आणि ते शेजारी थर्मामीटर हातात फिरवत बसले होते. पवईचा तलाव मागे पडल्यावर म्हणाले, "तू वाईट नाहीस. तुला जे आवडलं असतं, ते तू आईला आणून दिलंस." त्यांनी मला दिलेला ओरडा म्हणायचा तर तो एवढाच, आणि मी तो अजून खातेय.

मावशीचं पुढे काय झालं हे विचारायचं मला तोंड नव्हतं. ते पुढे सहज कळलं. एकदा सकाळी हायवेखालच्या सब-वेमध्ये कंपाउंडर दिसले, आणि त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याइतक्याच संथ चालीने मावशी. ते तिला रोज खोलीवरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून खोलीवर नेत होते. या माणसाने जन्मात कुत्रा पाळला नव्हता. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या खोलीला दोन वाजता कुलूप असतं. मला मीच कुत्रा देणार नाही." मी म्हटलं, "मामा, तुमचाच कायदा मोडलात?" ते जरा ओशाळले. "तीन घरं बघितली हिच्यासाठी. एकात जिने, एकात लादी, एकात दोनला कोणी नाही. मिळेपर्यंत आहे." तिच्या पाठीवर हात ठेवून ते बोलत होते आणि मावशी त्यांच्या पायावर टेकून उभी होती. चौथं घर कुठलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "चला, ऑफिसला उशीर होतोय."

त्यानंतर दीड वर्षाने, गेल्या साली, ते मावशीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. दुपारी दोन वाजता. मी ऑफिसात होते, हे सगळं मला आईने नंतर सांगितलं. त्यांनी आत यायच्या आधी दारातूनच विचारलं, "वैनी, दुपारच्या दोन वाजता घरात कोण असता?" आई म्हणाली, "मी असतंय." ते म्हणाले, "मग हिका बघशात?" आईने मला फोन केला नाही, विचारलं नाही. तिने फक्त दार पूर्ण उघडलं.

आठवडाभर ते रोज दोनला मावशीला घेऊन येत आणि तासाभराने घेऊन जात. मी त्या शनिवारी त्यांना पाहिलं आणि चरकले. शर्टाच्या आत माणूस निम्मा राहिला होता. म्हणाले, "गावाला चाललोय. घराचं काम काढलंय. हिला प्रवास झेपायचा नाही." मी विश्वास ठेवला. आईला त्यांनी खरं सांगितलं होतं, पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि बजावलं होतं की मला सांगायचं नाही. "ती हॉस्पिटलांचा तक्ता करील," असं म्हणाले म्हणे.

रविवारी त्यांनी मावशीला आमच्या स्वयंपाकघरात बसून दूधभात भरवला. घास घास करून, बोटं चाटू देत. मग अंगातला निळा शर्ट काढून तिच्या गोधडीवर घातला आणि पिशवीतून आणलेला दुसरा चढवला. तो नवा होता, घडीच्या रेघा तशाच. आईला म्हणाले, "चाळीस दिस, वैनी. एक्केचाळिसाव्या दिसाक चाय पियूक येतंय." माझ्याकडे बघून म्हणाले, "नियम माहितीये ना गो?" आणि उठून दाराबाहेर पडले. मावशी दारापर्यंत गेली आणि बसली. मी खिडकीत गेले. ते गेटपाशी पोचले आणि आमच्या इमारतीकडे पाठ करून उभे राहिले. चांगली पाच मिनिटं उभे होते. वॉचमनने खुर्ची पुढे केली, ती घेतली नाही. मला वाटलं, आता वळतील. वळले नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी डॉक्टरबाईंचा मला फोन आला. दवाखान्यात ये, म्हणाल्या. कंपाउंडर आदल्या दिवशी गेले होते आणि त्याच सकाळी त्यांना पोचवून आले होते सगळे. गावाला ते गेलेच नव्हते. तीन आठवडे आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका हॉस्पिटलात पडून होते. बाईंनी त्यांना एकदा विचारलं होतं, त्या मायलेकींना बोलावू का. त्यांनी विचारलं, "चाळीस झाले?" बाई म्हणाल्या, पंचवीस. "मग नको. येतील, आणि माझा वास कपड्यांवर घेऊन घरी जातील. मावशीचे पंचवीस दिवस फुकट जायचे." डॉक्टरबाई मला हे सांगताना पहिल्यांदाच एवढं बोलल्या असतील.

मी घरी आले तेव्हा आई मावशीला घेऊन खाली कंपाउंडमध्ये गेली होती. घर रिकामं होतं. गोधडीवर तो शर्ट होता. मेलेल्या माणसाच्या अंगातला कपडा घरात ठेवू नये असं काहीतरी लहानपणी कानावर पडलेलं होतं, पण ते कारण मी नंतर शोधलं. खरं सांगायचं तर मला काहीच सुचत नव्हतं, आणि सुचेनासं झालं की मी आवरायला लागते. मी शर्ट उचलला, गोधडी उचलली, मशीनमध्ये टाकली आणि बटण दाबलं. आई वर आली तोवर दोन्ही गॅलरीत वाळत होती.

"कंपाउंडर गेले," मी म्हटलं.

आई खुर्चीत बसली. हे होणार ते तिला माहीतच होतं. "खंय? गावाक?"

"नाही. इथेच होते."

मावशी तिच्या जागेपाशी गेली. गोधडी नव्हती. तिने लादी हुंगली, भिंतीचा कोपरा हुंगला, पलंगाखाली बघून आली. मग गॅलरीत जाऊन मान वर करून त्या ओल्या शर्टाखाली उभी राहिली. खालचं टोक हुंगलं, परत हुंगलं. आणि तिथून सरळ दाराशी जाऊन दाराला नाक लावून बसली, पहिल्या रविवारी बसली होती तशी.

"शर्ट धुतलास?" आईने विचारलं.

मी मान हलवली.

"बाबांचे पण असेच धुतलेस." ती माझ्याकडे बघत नव्हती, मावशीकडे बघत होती. "मी एक गादीखाली लपवला होता. तोही तुला सापडला. सकाळी बघते तर दोरीवर."

मला तो शर्ट आठवला. करड्या रेघांचा. गादीखाली चुरगळून पडलेला मिळाला तेव्हा मला वाटलं होतं, राहून गेला असेल. मी मनात खूश झाले होते की बरं झालं, वेळेत सापडला.

"मला बोलली का नाहीस?"

"तू एवढी राबत होतीस," आई म्हणाली. मग उठून मावशीशेजारी, दाराशी जमिनीवर बसली. "चल गो मावशी. परत पहिलो दिवस."

मी ऑफिसात सांगून टाकलं की पुढचे काही आठवडे घरून काम करीन. रोज दोन वाजता मावशी उठून दाराशी जायची आणि तीनपर्यंत बसायची. आई तिची खुर्ची वळवून बसायची. मी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचे आणि माझी नजर स्क्रीनवर ठरायची नाही. काही दुरुस्त करता येत नव्हतं. इतकी वर्षं दुपारी दोन वाजता या घरात काय चालतं ते मी शेवटी पाहिलं, आणि ते एकटीने बघायला आईला लावलं होतं म्हणून मला माझीच लाज वाटली. कंपाउंडरांचा शर्ट वाळल्यावर घडी करून आईने तिच्या कपाटात ठेवला. त्याला आता साबणाचा वास येतो. त्यांना एकदा हॉस्पिटलात नुसतं दारातून जरी बघितलं असतं तरी मी त्या मुलुंडच्या फुटपाथवरच्या बाईंसारखी झाले असते, हे मला कळतं. तरी बघायला हवं होतं असंही वाटतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटतं.

मी दिवस मोजत होते. शर्ट धुतल्यापासूनच्या चाळिसाव्या दिवशी दोन वाजता मावशीने डोकं वर केलं, दाराकडे बघितलं, आणि उठली नाही. जागच्या जागी अंग सैल सोडून तिने हनुवटी आईच्या पावलावर ठेवली आणि डोळे मिटले. त्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ज्यांना धावत जाऊन सांगावी ते एकच माणूस होतं.

"आई, चाळीस झाले," मी म्हटलं. "आता ती आपली."

आई मावशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. दाराकडे वळवलेली खुर्ची तशीच होती.

"तिचे झाले गो," आई म्हणाली. "माझो अजून पहिलोच चललो हा."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी लॅपटॉप मिटला आणि मावशीच्या पलीकडच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसले. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि घरात आम्ही तिघी होतो.